मुंबई ते तेल अवीव : अंतर तेच, वेळ वेगळी

अलिबागमध्ये इस्रायल आळी नावाची एक आळी आहे. तेथे मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर उभे आहे. एके काळी शुक्रवारी संध्याकाळी या आळीतील घराघरांतून शब्बाथचे दिवे लागत. आज त्यांपैकी बहुतेक घरांची माणसे चार हजार किलोमीटर दूर गेली आहेत. या आळीशी ज्यांचे बालपण जोडलेले आहे अशा एक वृद्ध बाई आमच्या शेजारी राहतात. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणतो. २०१९ च्या डिसेंबरात एका गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास त्यांना दूरध्वनी आला. इस्रायलमधील अश्दोद शहरी त्यांचे थोरले बंधू वारले होते. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो; त्यामुळे दफनविधी दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ठरला होता.

भाच्याच्या लग्नासाठी काढलेला व्हिसा मावशींच्या हाती होता. भाड्याचे पैसे होते. त्यांनी मला एवढेच विचारले, "सर, तुम्ही मुलांना हिशेब शिकवता. मला सांगा, मी पोहोचेन का?"

त्या रात्री कागदावर मांडलेला हिशेब मी अजून जपून ठेवला आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वाहतूक-खर्चाचे प्रकरण असते आणि ते मी गेली अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. परंतु अंतर आणि वेळ या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे त्या कागदाने मला जितके शिकवले तितके त्या प्रकरणाने शिकवले नव्हते.

पृथ्वीगोलावरचा दोरा

प्रथम अंतराचा विचार करू. पृथ्वीगोल घेऊन मुंबई आणि तेल अवीवजवळचा बेन गुरियन विमानतळ यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरला, तर त्याची लांबी सुमारे ४,०५० किलोमीटर भरते. हा दोरा अरबी समुद्र ओलांडून पुढे सौदी अरेबिया व जॉर्डनवरून इस्रायलला पोहोचतो. आजची मोठी जेट विमाने तासाला साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जातात. उड्डाण व उतरण यांचा वेळ धरला तरी या प्रवासास पाच ते साडेपाच तास पुरेसे आहेत. पश्चिमेकडे जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे, विशेषतः हिवाळ्यात, थोडा वेळ अधिक लागतो. परत येताना तोच वारा पाठीशी असतो.

मात्र २०१९ साली मुंबईहून थेट इस्रायलला जाणारे विमान या दोऱ्यावरून जात नसे. सौदी अरेबियाने इस्रायली विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली होती. म्हणून इस्रायलच्या एल अल कंपनीचे विमान अरबी समुद्रावरून नैऋत्येला, एडनच्या आखाताकडे जाई, आफ्रिकेच्या बाजूने तांबड्या समुद्रात शिरे आणि तो समुद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे कापीत इस्रायल गाठी. हा वळसा मी त्याच पृथ्वीगोलावर मोजून पाहिला. तो साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास भरला, म्हणजे सरळ मार्गापेक्षा सुमारे दीड हजार किलोमीटर अधिक. पाच तासांचा प्रवास त्यामुळे साडेसात-आठ तासांचा होत असे.

वाचकांच्या लक्षात येईल की, येथे डोंगर, वादळ किंवा विमानाची मर्यादा यांपैकी काहीच आड येत नव्हते. आड येत होती ती केवळ परवानगी. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व दिले आहे. समुद्रावरचे मुक्त आकाश सर्वांचे. जमिनीवरचे आकाश मात्र ज्याची जमीन त्याचे. एखाद्याच्या शेताच्या बांधावरून वाट मिळाली नाही, तर सगळ्या शिवाराला फेरी घालून विहिरीवर जावे लागते, तसेच हे आहे.

समान अंतर, असमान स्पर्धा

दिल्ली ते तेल अवीव हे अंतरही पृथ्वीगोलावर मोजल्यास जवळजवळ तेवढेच, म्हणजे ४,०५० किलोमीटरच्या घरात येते. परंतु दिल्लीहून जाणारी सरळ रेषा पाकिस्तान, इराण, इराक अशा देशांवरून जाते आणि इस्रायलकडे निघालेल्या विमानास ती वाट व्यवहारात बंदच होती. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाच्या विमानाने ओमान व सौदी अरेबियाच्या आकाशातून प्रथमच तेल अवीव गाठले, तेव्हा त्यास सुमारे साडेसात तास लागले. इस्रायलला जाणाऱ्या प्रवासी विमानाला सौदी आकाश खुले होण्याचा तो अनेक दशकांतील पहिलाच प्रसंग होता.

यातून एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. भारताच्या विमानाला जी वाट मिळाली ती इस्रायलच्या विमानाला मिळाली नाही. एल अल कंपनीने त्याच महिन्यात आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ही स्पर्धा विषम आहे, असे तिचे म्हणणे होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या तक्रारीत तथ्य होते. विमानाचा प्रत्येक जादा तास म्हणजे जादा इंधन, वैमानिक व सेवकवर्गाचे जादा वेतन आणि त्याच विमानाची दुसरी फेरी करण्याची गमावलेली संधी. शिवाय लांबच्या पल्ल्याला लागणारे इंधन वाहून नेण्यासाठीच आणखी इंधन जळते. म्हणून वळसा वाढतो त्याहून खर्च अधिक वेगाने वाढतो, आणि त्याचा भार शेवटी तिकिटावर पडतो. तो भार सोसवत नाही तेव्हा फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की प्रवाशाच्या वाट्याला थांबणे येते. हे थांबणे वेळापत्रकात कोठेच छापलेले नसते, पण प्रवासवेळेचा तो सर्वांत निर्दय भाग होय.

पुढे १५ जुलै २०२२ रोजी सौदी अरेबियाने आपले आकाश सर्व देशांच्या विमानांना खुले केल्याचे जाहीर केले. तरीही भारताकडची वाट पूर्ण झाली नाही, कारण मध्ये ओमान होता. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओमाननेही परवानगी दिली आणि तो पृथ्वीगोलावरचा दोरा प्रथमच इस्रायली विमानांना उपलब्ध झाला. दोन घोषणांनी मिळून अडीच तास वाचू शकले. नवे इंजिन लागले नाही की नवा शोध लागला नाही. केवळ दोन सह्या लागल्या. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर हा लाभ अनिश्चित झाला. विमाने रद्द होणे, पुन्हा सुरू होणे, पुन्हा थांबणे हे चक्र सुरू झाले. ४ मे २०२५ रोजी दिल्लीहून निघालेले विमान बेन गुरियन विमानतळाजवळ क्षेपणास्त्र पडल्यामुळे अबू धाबीकडे वळवावे लागले. दोऱ्याची लांबी त्या दिवशीही ४,०५० किलोमीटरच होती.

हा प्रश्न केवळ इस्रायलचा नव्हे. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैपर्यंत पूर्ववत झाले नाही. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियास ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा वाट बंद केली आणि उत्तर भारतातून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांचे तास पुन्हा वाढले. आकाशात भिंती नाहीत असे आपण काव्यात म्हणतो. विमान कंपन्यांच्या जमाखर्चात मात्र त्या स्पष्ट दिसतात.

नौकेपासून विमानापर्यंत

रायगडच्या किनाऱ्यास हा अनुभव नवा नाही. बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा अशी की, त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून नौकेने येत असताना अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ त्यांची नौका फुटली आणि सात स्त्रिया व सात पुरुष तेवढे वाचले. नवगावला त्यांचे पुरातन दफनस्थान व स्मारक आहे. ही घटना नेमकी केव्हा घडली यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण या किनाऱ्याचा तांबड्या समुद्राशी व्यापार होता, यात मात्र संशय नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या सागरी मार्गवर्णनात सेमिल्ला या बंदराचा उल्लेख येतो. ते आपले चौल, असे मानले जाते. त्या काळी प्रवासाची वेळ ठरवीत असे तो मोसमी वारा. वारा अनुकूल झाला की नौका निघे, फिरला की बंदरात महिनोन्‌महिने पडून राही.

वाचलेली माणसे या किनाऱ्यावर रुजली. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांनी मराठी आपलीशी केली आणि गावांचीच नावे आडनावे म्हणून घेतली : नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यावर, विशेषतः १९५० व १९६० च्या दशकांत, त्यांपैकी बहुसंख्य तिकडे गेले. भारताने इस्रायलला १९५० साली मान्यता दिली होती. परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जुळण्यास २९ जानेवारी १९९२ ही तारीख उजाडावी लागली. मधल्या चार दशकांत पेणकर पेणला किंवा रोहेकर रोह्याला किती वेळा येऊ शकले असतील, याचा हिशेब किलोमीटरमध्ये करता येणार नाही.

समुद्रमार्गाचीही तीच कथा. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा मुंबई-लंडन हा सुमारे वीस हजार किलोमीटरचा सागरी मार्ग साडेअकरा हजारांवर आला. १९६७ च्या युद्धात कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत बंदच राहिला. त्या आठ वर्षांत जगातील बंदरे जागच्या जागी होती, पण जणू एकमेकांपासून दूर सरकली होती. अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातील आकडे तपासून व्यापारावर झालेला परिणाम मोजला आहे. अलीकडे, नोव्हेंबर २०२३ पासून, तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले तेव्हा अनेक जहाज कंपन्यांनी पुन्हा केपचा मार्ग धरला. आपल्याच उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातून युरोपकडे निघालेल्या मालास त्यामुळे दोन आठवड्यांच्या आसपास अधिक वेळ लागू लागला. पूर्वी वारा वेळ ठरवीत असे, मग कालव्याने ठरवली, आज आकाशातील व समुद्रातील परवानगी ती ठरवते. वाऱ्यावर कोणाचा राग धरता येत नव्हता. परवानगी माणसे देतात आणि माणसेच नाकारतात, एवढा फरक आहे.

अलिबाग ते सहार

आता पुन्हा त्या रात्रीच्या कागदाकडे वळू. हिवाळ्यात इस्रायलचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. म्हणजे तेथील दुपारचे बारा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. गुरुवारी रात्री नऊपासून मोजले तर मावशींच्या हाती साडेअठरा तास होते. मी खर्च लिहीत गेलो. अलिबागहून सहारच्या विमानतळापर्यंत रस्त्याने शंभर किलोमीटरच्या वर. वडखळ नाक्याची आणि पेण-पनवेलची वाहतूक धरून चार तास. आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वी हजर राहण्याचे तीन तास. विमानात आठ. उतरल्यावर तपासणीचा एक तास. तेथून अश्दोदपर्यंत आणखी एक. बेरीज सतरा तास. कागदावर दीड तास शिल्लक राहत होता.

पण त्या रात्री निघून दुपारी बाराच्या आत पोहोचवील असे विमान कोणत्याही मार्गाने उपलब्ध नव्हते. मिळाले ते तिसऱ्याच देशातून जाणारे, मध्ये बरेच तास थांबायला लावणारे. मावशी पोहोचल्या तेव्हा मृत्तिका देऊन झाली होती. सात दिवसांच्या सुतकातील उरलेले दिवस त्या तेथे बसल्या आणि परत आल्या.

या बेरजेतील एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून राहिली. सतरा तासांपैकी आकाशात जाणारे तास केवळ आठ होते. उरलेले नऊ जमिनीवरचे होते. त्यांतील चार तर आपल्याच जिल्ह्यातून बाहेर पडण्याचे. चार हजार किलोमीटरला आठ तास आणि शंभर किलोमीटरला चार तास! सौदी अरेबियाच्या राजाने मनाई उठवल्यामुळे जे अडीच तास वाचू शकले, त्याच तोडीचे दीड-दोन तास अलिबाग ते मुंबई या वाटेवर वाचवणे आपल्या हाती होते. त्यासाठी परराष्ट्रमंत्र्यांची गरज नव्हती.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली वेळेच्या वाटपाचा सिद्धान्त मांडला. वस्तूची खरी किंमत म्हणजे तिचे पैसे अधिक तिच्यासाठी खर्च झालेला वेळ, असे त्याचे सूत्र सोप्या भाषेत सांगता येईल. या सूत्राप्रमाणे प्रवाशाच्या दृष्टीने आकाशातला तास आणि वडखळ नाक्यावरचा तास यांत भेद नाही. किंबहुना नाक्यावरचा तास अधिक महाग आहे, कारण तो किती लांबेल याची शाश्वती नसते आणि म्हणून माणूस आणखी एक तास राखीव ठेवून घर सोडतो.

किलोमीटर नव्हे, तास मोजा

२०१९ नंतर काही गोष्टी निश्चितच बदलल्या. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि खाडीपलीकडे जाणे सुमारे तासाभराचे झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी व न्हावा यांना जोडणारा सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. हा विमानतळ पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले आणि गावेच्या गावे हलली. विमानतळाच्या नावाने ज्यांच्या शेताचे व घराचे मोल झाले, त्यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडण्याइतका मोठा आहे.

अलिबागहून हा विमानतळ सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. अंतर तिसऱ्या हिश्श्याने घटले. पण वेळ घटली काय? मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणास २०११ साली हात घातला गेला आणि त्याच्या रखडण्याची चर्चा एका पिढीने ऐकली. मुरूडच्या विद्यार्थ्यास मुलाखतीला, श्रीवर्धनच्या बागायतदारास आपल्या सुपारीच्या व्यवहारास, आखातात कामाला असलेल्या म्हसळ्याच्या तरुणास आजारी आईकडे येण्यास किती तास लागतात, हे विमानतळाच्या जाहिरातीत नसते. धावपट्टीची लांबी आणि प्रवाशांची क्षमता यांचे आकडे आपल्याला तोंडपाठ होतात. घराच्या उंबरठ्यापासून विमानाच्या दारापर्यंतचे तास कोणी मोजत नाही.

माझी सूचना साधी आहे. सार्वजनिक खर्चाची मोजणी पूल किती लांब आणि रस्ता किती रुंद एवढ्यावर थांबू नये. जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याच्या गावापासून जिल्हा रुग्णालयास, विद्यापीठास, न्यायालयास आणि विमानतळास पोहोचण्यास पावसाळ्यात व उन्हाळ्यात प्रत्यक्ष किती तास लागतात, याचे कोष्टक दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. हे काम अवघड नाही. आमच्यासारख्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राचे व भूगोलाचे विद्यार्थी ते करू शकतील. एस.टी.चे वेळापत्रक, एक वही आणि एक घड्याळ एवढेच भांडवल त्यास पुरे. ज्या तालुक्याचे तास कमी झाले नाहीत, तेथे खर्च झालेला पैसा विकासाच्या नावाने लिहू नये.

यावर कोणी म्हणेल की, हा विमानप्रवास मूठभरांचा; शिक्षक-कारकुनांना त्याचे काय? आक्षेप गैरलागू नाही. परंतु ज्यांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेली आहेत अशी घरे आता केवळ धनिकांची राहिलेली नाहीत. आणि विमानतळाच्या वाटेवर वाचलेला तास रुग्णवाहिकेलाही मिळतो, परीक्षेला निघालेल्या मुलालाही मिळतो.

तात्पर्य, अंतर निसर्गाने दिले आहे. त्यास आपण जबाबदार नाही. वेळ मात्र राज्यकर्ते, करार, कंत्राटे आणि नागरिकांचे मौन मिळून ठरवतात. दूरच्या राजधान्यांत होणाऱ्या सह्यांवर आपला अधिकार चालत नाही. वडखळ नाक्यावर तो चालला पाहिजे.

मध्यंतरी तो जुना कागद मी मावशींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सारी बेरीज पाहिली आणि चार तासांच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले. "हा रस्ता तरी आपला होता, सर," त्या म्हणाल्या.